विश्लेषण : दंतकथेतला नायक की नवाहोंचा कर्दनकाळ? किट कार्सन नेमका कोण होता?

अमेरिकेच्या नेवाडा राज्याची राजधानी कार्सन सिटी, कोलोरॅडोतील मोठा लष्करी तळ फोर्ट कार्सन आणि न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनक्षेत्र. ही तिन्ही नावे एकाच माणसाकडे जातात. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, केवळ स्वतःची सही करता येत होती. मात्र पश्चिम अमेरिकेचे नकाशे तयार करणाऱ्या मोहिमांचा तो वाटाड्या होता आणि पुढे लष्करात ब्रिगेडियर जनरलच्या मानद हुद्द्यापर्यंत पोहोचला. याच माणसाच्या मोहिमेमुळे नवाहो समाजातील हजारो लोकांना आपली भूमी सोडून शेकडो किलोमीटर चालत जावे लागले. गेल्या काही वर्षांत त्याचे पुतळे हटवले गेले, स्मारक पाडले गेले. किट कार्सन हा नायक होता की खलनायक, हा वाद दीडशे वर्षांनंतरही का मिटत नाही, याचा हा आढावा.

एका सेंटचे बक्षीस कशासाठी?

ख्रिस्तोफर ह्यूस्टन कार्सन याचा जन्म २४ डिसेंबर १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. घरात त्याला किट म्हणत आणि तेच नाव पुढे कायम राहिले. तो वर्ष-दीड वर्षाचा असताना कुटुंब मिसुरीतील बून्स लिक भागात राहायला गेले. तेव्हा ही गोऱ्या वसाहतींची पश्चिमेकडची हद्द होती. जंगल तोडायचे, लाकडाची घरे बांधायची आणि हल्ल्याच्या भीतीने शेतातही बंदूक जवळ ठेवायची, असे तिथले जगणे होते.

किट आठ वर्षांचा असताना जमीन साफ करताना झाडाची फांदी अंगावर पडून वडील लिंडसे यांचा मृत्यू झाला. शाळा तिथेच सुटली. काही वर्षांनी आईने दुसरे लग्न केले. किशोरवयात किटला फ्रँकलिन गावात खोगिरे बनवणाऱ्या डेव्हिड वर्कमन यांच्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले.

हे फ्रँकलिन गाव महत्त्वाचे होते. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि अमेरिकी व्यापाऱ्यांना सांता फेची बाजारपेठ खुली झाली. सांता फेकडे जाणारे तांडे फ्रँकलिनहून निघत. खोगीर दुरुस्त करायला येणारी माणसे डोंगरांच्या, शिकारीच्या गोष्टी सांगत. १८२६ मध्ये सोळा वर्षांचा किट अशाच एका तांड्याबरोबर पळून गेला.

कायद्यानुसार मालकाला जाहिरात देणे भाग होते. वर्कमन यांनी स्थानिक वृत्तपत्रात ती दिली आणि मुलाला परत आणणाऱ्यास बक्षीस ठेवले फक्त एक सेंट. पोराला खरोखर परत आणावे, अशी मालकाची फारशी इच्छा नसावी, असाच अर्थ यातून काढला जातो.

बीव्हरच्या कातड्याचा धंदा काय होता?

कार्सन पोहोचला तो ताओस या गावात. आज हे गाव न्यू मेक्सिको राज्यात आहे. त्या वेळी ते मेक्सिकोत होते. सुरुवातीला त्याने स्वयंपाकी, गाडीवान, दुभाषी अशी मिळेल ती कामे केली. १८२९ मध्ये तो इविंग यंग यांच्या तुकडीबरोबर शिकारीसाठी थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला. पुढची बारा वर्षे हाच त्याचा व्यवसाय राहिला.

शिकार होती बीव्हरची. नदी-ओढ्यांवर बांध घालणाऱ्या या प्राण्याच्या मऊ लोकरीपासून युरोप आणि अमेरिकेतील शहरांत उंच टोप्या बनत. त्यामुळे रॉकी पर्वतात शेकडो शिकारी बर्फाळ पाण्यात सापळे लावत फिरत. वर्षातून एकदा ठरलेल्या जागी मोठा मेळावा भरे. तिथे कातडी विकायची आणि दारूगोळा, कॉफी, साखर, दारू घ्यायची.

हा धंदा दोन कारणांनी बसला. एक, अतोनात शिकारीमुळे बीव्हर संपत आले. दोन, टोप्यांची फॅशन बदलली आणि रेशमी टोपी लोकप्रिय झाली. १८४० चा मेळावा अखेरचा ठरला. कार्सन तेव्हा तिशीत होता आणि त्याला येत असलेल्या कामाला बाजारच उरला नव्हता. पण या काळात त्याने डोंगरांमधील खिंडी, पाणवठे आणि वाटा डोक्यात साठवल्या होत्या. तो स्पॅनिश सफाईने बोलत असे आणि अनेक मूलनिवासी जमातींच्या भाषाही त्याला बोलता येत. पुढे त्याला किंमत आली ती याच माहितीमुळे.

मूलनिवासींशी त्याचे नाते कसे होते?

हे नाते सरळ नव्हते. शिकारीच्या काळात त्याने काही जमातींशी लढाया केल्या, तर काहींबरोबर संसार केला. त्याची पहिली पत्नी अरापाहो जमातीची होती. तिचे नाव वानिबे. त्यांना दोन मुली झाल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर वानिबेचा मृत्यू झाला आणि धाकटी मुलगी लहानपणीच गेली. नंतर शायान जमातीतील एका स्त्रीशी त्याने लग्न केले, पण ते फार टिकले नाही. जमातीच्या रिवाजाप्रमाणे तिने त्याचे सामान घराबाहेर ठेवले आणि संसार संपला.

थोरली मुलगी अ‍ॅडलाइन हिला शिक्षण मिळावे म्हणून १८४२ मध्ये त्याने मिसुरीतील नातेवाइकांकडे नेऊन ठेवले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८४३ मध्ये त्याने ताओसमधील होसेफा हारामियो हिच्याशी विवाह केला. त्यासाठी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. लग्नाच्या वेळी तो ३३ वर्षांचा, तर ती पंधराव्या वर्षात होती. या दोघांना आठ मुले झाली. यूट जमातीकडे कैदेत असलेला एक नवाहो मुलगाही त्यांनी मोबदला देऊन सोडवला आणि घरात वाढवला. त्या प्रदेशात माणसे पळवून नेणे आणि विकणे सर्रास चालत असे, हेही या घटनेतून दिसते.

निरक्षर वाटाड्या देशभर प्रसिद्ध कसा झाला?

मुलीला मिसुरीत सोडून परतताना नदीवरील बोटीत त्याची गाठ लष्करातील सर्वेक्षण अधिकारी जॉन फ्रेमाँट यांच्याशी पडली. फ्रेमाँट यांना पश्चिमेकडच्या वाटेचा नकाशा करायचा होता आणि त्यासाठी वाटाड्या हवा होता. महिन्याला १०० डॉलरवर कार्सन रुजू झाला. त्याआधी बेंट्स फोर्ट या व्यापारी ठाण्यावर शिकारी म्हणून त्याला दिवसाला एक डॉलर मिळत असे.

१८४२ ते १८४६ या काळात तो फ्रेमाँट यांच्या तीन मोहिमांत होता. दुसऱ्या मोहिमेत तुकडीने ऐन हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडली. अन्न संपल्यावर सोबतची जनावरे मारून खावी लागली. फ्रेमाँट यांनी पत्नी जेसी यांच्या मदतीने लिहिलेले अहवाल सरकारने छापले आणि ते देशभर वाचले गेले. पश्चिमेला निघालेली कुटुंबे हे अहवाल जवळ बाळगत. त्यांतल्या धाडसी प्रसंगांत कार्सनचे नाव वारंवार येत होते. इथून त्याची दंतकथा सुरू झाली.

या मोहिमांची काळी बाजू कोणती?

तिसरी मोहीम केवळ नकाशांपुरती राहिली नाही. एप्रिल १८४६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीकाठी जमलेल्या मूलनिवासींवर फ्रेमाँट यांच्या तुकडीने हल्ला केला. मृतांचे अंदाज वेगवेगळे असले तरी ते शंभराच्या पुढचेच आहेत. मे महिन्यात क्लामाथ सरोवराजवळ रात्री झालेल्या हल्ल्यात फ्रेमाँट यांची तीन माणसे मारली गेली. त्याचा सूड म्हणून तुकडीने तिथले एक गाव जाळले. हल्लेखोर त्याच गावचे होते का, याची खातरजमा झाली नव्हती. या दोन्ही हल्ल्यांत कार्सन पुढे होता.

जूनमध्ये सॅन राफाएल येथे त्याने आणि साथीदारांनी तीन निःशस्त्र कॅलिफोर्नियन पुरुषांना गोळ्या घातल्या. फ्रेमाँट यांचा इशारा तसाच होता, असे सांगितले जाते. आदेश मिळाला की तो पाळायचा, हा कार्सनचा स्वभाव इथे दिसतो. पुढच्या आयुष्यातही तो पुन्हा पुन्हा दिसत राहतो.

त्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटले. ६ डिसेंबर १८४६ रोजी सॅन पास्कालच्या लढाईत जनरल कर्नी यांची तुकडी वेढली गेली. कार्सन, नौदलाचे लेफ्टनंट एडवर्ड बील आणि एक मूलनिवासी वाटाड्या रात्री वेढ्यातून निसटले. आवाज होऊ नये म्हणून काढलेली पादत्राणे वाटेत हरवली. काटेरी निवडुंगांतून अनवाणी चालत त्यांनी सुमारे ५० किलोमीटरवरील सॅन दिएगो गाठले आणि मदत आणली.

पुढच्या वर्षी तो टपाल घेऊन वॉशिंग्टनला गेला. अध्यक्ष जेम्स पोक यांनी त्याला लेफ्टनंट नेमले, पण सिनेटने नेमणूक फेटाळली. तरीही त्याने हाती असलेले टपाल पोहोचवण्याचे काम सुरूच ठेवले.

स्वतःच्या दंतकथेशी त्याची गाठ कधी पडली?

ऑक्टोबर १८४९ मध्ये सांता फेच्या वाटेवर हिकारिया अपाचींनी एका तांड्यावर हल्ला केला. अ‍ॅन व्हाइट नावाच्या स्त्रीला आणि तिच्या लहान मुलीला पळवून नेले. लष्करी तुकडीबरोबर वाटाड्या म्हणून गेलेल्या कार्सनने कित्येक दिवस माग काढून छावणी शोधली. त्याचे म्हणणे होते, ताबडतोब हल्ला करावा. तुकडीचे प्रमुख मात्र वाटाघाटीसाठी थांबले. तेवढ्या वेळात छावणी पांगली. अ‍ॅन व्हाइट यांचा मृतदेह सापडला तेव्हा बाण लागून फार वेळ झाला नव्हता.

छावणीतील सामानात एक पुस्तक मिळाले. ती कार्सनला नायक करून लिहिलेली स्वस्त रंजक कादंबरी होती. त्यात तो शत्रूंची रांग लावून मारतो आणि संकटातल्या स्त्रीला सोडवतो. कार्सनला ते वाचता येत नव्हते. दुसऱ्याने वाचून दाखवले. या बाईने हे पुस्तक वाचून आपली वाट पाहिली असेल, हा विचार त्याला बराच काळ छळत राहिला. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणींतही हा प्रसंग आहे.

प्रत्यक्षातला कार्सन कादंबरीतल्या कार्सनसारखा दिसतही नव्हता. उंची साडेपाच फुटांहून कमी, आवाज मऊ, बोलणे मोजके. त्याला पाहायला येणाऱ्यांचा विश्वास बसत नसे.

एजंट ते कर्नल हा प्रवास कसा झाला?

१८५४ ते १८६१ या काळात तो ताओस येथे यूट आणि हिकारिया अपाची जमातींसाठी सरकारी एजंट होता. धान्य-कपड्यांचे वाटप, तंटे सोडवणे आणि वरिष्ठांना अहवाल पाठवणे हे त्याचे काम. अहवाल तो तोंडी सांगे आणि लेखनिक लिहून घेई. गोऱ्या वसाहतींमुळे शिकार संपते, मग उपाशी जमाती जनावरे चोरतात आणि त्यातून संघर्ष पेटतो, हे त्याला दिसत होते. वसाहतींपासून दूर राखीव भूमी देणे हाच त्याला सुचणारा उपाय होता. याच विचाराने पुढे अनर्थ घडवला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो उत्तरेच्या बाजूने न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवक पलटणीत दाखल झाला आणि कर्नल झाला. त्याचे बहुतांश सैनिक स्पॅनिश बोलणारे होते. फेब्रुवारी १८६२ मध्ये वाल्वर्देच्या लढाईत ते टेक्सासच्या फौजेविरुद्ध लढले. काही महिन्यांत टेक्सासचे सैन्य मागे फिरले आणि न्यू मेक्सिकोची सूत्रे जनरल जेम्स कार्लटन यांच्याकडे आली.

नवाहोंविरुद्धची मोहीम काय होती?

कार्लटन यांना भटक्या जमातींचा प्रश्न कायमचा निकाली काढायचा होता. पेकोस नदीकाठी बॉस्के रेदोंदो नावाची जागा त्यांनी निवडली. जमातींना तिथे आणायचे, शेती शिकवायची आणि ख्रिस्ती करायचे, अशी ही योजना होती. आधी मेस्कालेरो अपाचींवर मोहीम झाली. त्यांचे पुरुष दिसतील तिथे मारावेत, असा कार्लटन यांचा आदेश होता. कार्सनने तो शब्दशः पाळला नाही आणि शरण आलेल्यांना आश्रय दिला.

फेब्रुवारी १८६३ मध्ये त्याने राजीनामा देऊ केला. आपण दक्षिणेच्या फौजेशी लढायला भरती झालो होतो, असे त्याचे म्हणणे होते. कुटुंबाकडे परतायची ओढही होती. कार्लटन यांनी राजीनामा स्वीकारला नाही. कार्सन थांबला आणि जुलैमध्ये नवाहोंच्या भूमीत शिरला. या नकारानंतर तो खरोखर निघून गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या चरित्रात कायम विचारला जातो.

नवाहो समोरासमोर लढत नसत. म्हणून कार्सनने माणसांऐवजी अन्नावर हल्ला केला. मका आणि गव्हाची उभी पिके कापली, जाळली. मेंढ्या, घोडे ताब्यात घेतले. पाणवठ्यांवर पहारे बसवले. नवाहोंचे जुने वैरी असलेले यूट माग काढायला सोबत होते. पकडलेल्या बायका-मुलांना यूटांकडेच राहू द्यावे, अशी शिफारसही कार्सनने केली. कार्लटन यांनी ती नाकारली.

जानेवारी १८६४ मध्ये सैन्य नवाहोंचे शेवटचे आश्रयस्थान मानल्या गेलेल्या कॅन्यन दे शे या खोल दरीत उतरले. तिथे मोठी लढाई झाली नाही आणि तशी गरजही नव्हती. उपाशी, थंडीने गारठलेले लोक स्वतःहून ठाण्यांवर येऊ लागले. दरीतल्या पीचच्या बागा त्याच वर्षी उन्हाळ्यात दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या तुकडीने तोडल्या. कित्येक पिढ्यांनी जोपासलेली हजारो झाडे गेली.

लाँग वॉकमध्ये काय घडले?

शरण आलेल्यांना टप्प्याटप्प्याने बॉस्के रेदोंदोकडे चालवत नेण्यात आले. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. मागे पडणाऱ्या वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना सैनिकांनी गोळ्या घातल्याच्या आठवणी नवाहो कुटुंबांत आजही सांगितल्या जातात. कार्सन या तांड्यांबरोबर फारसा नव्हता, पण ते निघाले ते त्याच्या मोहिमेमुळेच. १८६४ च्या उन्हाळ्यात तो काही काळ बॉस्के रेदोंदोचा प्रशासकही होता.

तिथे आठ हजारांहून अधिक नवाहो ठेवण्यात आले. पेकोसचे पाणी खारट, पिकाला कीड, जळणासाठी लाकूड नाही. शिध्यात मिळालेला मैदा कसा शिजवायचा हे अनेकांना ठाऊक नव्हते. तो खाऊन ते आजारी पडले. वैरी असलेल्या मेस्कालेरोंनाही तिथेच ठेवले होते. १८६५ मध्ये ते रातोरात निघून गेले. चार वर्षांत दोन हजारांहून अधिक नवाहो मरण पावल्याचे मानले जाते. कार्लटन यांची योजना सपशेल फसली होती.

अखेरची वर्षे कशी गेली?

नोव्हेंबर १८६४ मध्ये टेक्सासमधील अडोबी वॉल्स येथे कार्सनच्या सुमारे ४०० जणांची गाठ कायोवा आणि कोमान्ची जमातींच्या हजारांहून अधिक योद्ध्यांशी पडली. दोन तोफांच्या आधाराने त्याने तुकडी मागे घेतली आणि बहुतेकांचे जीव वाचवले. बारा वर्षांनी लिटल बिगहॉर्न येथे कस्टर यांनी अशाच पेचात वेगळा निर्णय घेतला आणि सारी तुकडी गमावली.

अडोबी वॉल्सनंतर चारच दिवसांनी कोलोरॅडोत सँड क्रीक येथे कर्नल चिव्हिंग्टन यांच्या सैनिकांनी शायान आणि अरापाहो वस्तीची कत्तल केली. मृतांत बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. कार्सनने या कत्तलीचा कडक शब्दांत निषेध केला. त्याची पहिली पत्नी अरापाहो होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

१८६५ मध्ये त्याला ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळाला. नंतर त्याने फोर्ट गार्लंड हे ठाणे सांभाळले. छातीचे दुखणे वाढत असतानाही १८६८ च्या सुरुवातीला तो यूट प्रमुखांबरोबर वॉशिंग्टनला गेला आणि त्यांच्या भूमीचा करार करून आला. एप्रिलमध्ये घरी पोहोचल्यानंतर काही दिवसांतच बाळंतपणात होसेफाचा मृत्यू झाला. महिनाभराने, २३ मे १८६८ रोजी, फोर्ट लायन येथे मुख्य रक्तवाहिनी फुटून कार्सनही गेला. वय ५८. पुढच्या वर्षी दोघांचे अवशेष ताओसला नेऊन शेजारी-शेजारी पुरण्यात आले.

त्याच्या मृत्यूनंतर नऊच दिवसांनी, १ जून १८६८ रोजी नवाहो नेते बार्बोन्सितो आणि इतरांनी जनरल शर्मन यांच्याशी करार केला. त्यानुसार नवाहोंना आपल्या भूमीत परतायची मुभा मिळाली. त्याच महिन्यात हजारो लोकांची रांग पश्चिमेकडे निघाली. हाकलून दिलेल्या जमातीला मूळ भूमीत परत जाऊ देण्याची उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात विरळा आहेत. आज नवाहो नेशन हे तेथील सर्वांत मोठे मूलनिवासी राखीव क्षेत्र आहे.

आज वाद कशावर आहे?

२०१४ मध्ये ताओसच्या नगर परिषदेने किट कार्सन पार्कचे नाव बदलण्याचा निर्णय घेतला. वादानंतर तो मागे घेण्यात आला. २०२० मध्ये डेन्व्हरमधील स्मारकावरून त्याचा पुतळा उतरवण्यात आला. २०२३ मध्ये सांता फेतील त्याच्या नावाचा स्तंभ पाडण्यात आला.

एक बाजू म्हणते, तो त्याच्या काळातल्या बहुतेक गोऱ्यांपेक्षा मूलनिवासींना अधिक ओळखत होता, त्यांच्या बाजूने बोलतही होता, आणि दोष कार्लटन यांच्या योजनेचा होता. दुसरी बाजू म्हणते, ओळखत होता म्हणूनच त्याला नवाहोंना उपाशी कसे पाडायचे हे कळले. दोन्हींना पुरावे आहेत.

कार्सनचे आयुष्य आज उभे करायचे तर ते इतरांनी लिहिलेल्या कागदांवरून करावे लागते. मालकाची जाहिरात, फ्रेमाँट यांचे अहवाल, लेखनिकांनी लिहिलेली लष्करी पत्रे आणि १८५६ मध्ये त्याने तोंडी सांगितलेल्या, पण १९२६ मध्ये छापल्या गेलेल्या आठवणी. त्या आठवणी नवाहो मोहिमेच्या सात वर्षे आधी संपतात. मोहिमेबद्दल त्याला स्वतःला काय वाटत होते, ते त्यांत नाही. त्या वर्षांची दुसरी नोंद नवाहो कुटुंबांच्या तोंडी आठवणींत आहे. कार्सन समजून घ्यायचा तर हे दोन्ही समोर ठेवावे लागते.